सिंकखालचे यंत्र : दुरुस्ती, बदली आणि थोडा विवेक

अमेरिकेत मुलाकडे प्रथमच गेलेल्या आई-वडिलांना तेथील स्वयंपाकघरातली एक गोष्ट हमखास फसवते. सिंकच्या वर भिंतीत दोन बटणे शेजारी-शेजारी असतात. दिसायला दोन्ही सारखीच. एकाने दिवा लागतो. दुसरे दाबले की सिंकच्या पोटातून घरघर असा मोठा आवाज उठतो आणि नवख्या माणसाच्या काळजात धस्स होते. हे दुसरे बटण खरकटे दळून गटारात सोडणाऱ्या यंत्राचे असते. मराठीत त्याला रुळलेले नाव नाही. तिकडची आपली माणसे त्याला ‘डिस्पोजल’ एवढेच म्हणतात.

न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या, सांगलीकडील एका व्यापारी घराण्यातील काकूंच्या बाबतीत हेच घडले. मात्र प्रकरण धसक्यावर थांबले नाही. मुलगा-सून कामावर गेल्यावर काकूंनी भांडी घासायला घेतली. पाणी तुंबलेले दिसले म्हणून सुनेने शिकवल्याप्रमाणे बटण दाबले. आत चहाचा एक छोटा चमचा निसटून पडला होता, हे त्यांना ठाऊक नव्हते. क्षणभर खडखडाट झाला, मग नुसता घुमल्यासारखा ‘हुं’ असा आवाज आणि मग पूर्ण शांतता. काकूंनी बटण बंद केले आणि संध्याकाळपर्यंत भांडी न्हाणीघरातल्या बेसिनमध्ये धुतली. सून आल्यावर म्हणाली, “आई, एवढं काय त्यात? प्लंबरला फोन करू.” फोनवर यंत्राचे वय ऐकताच, न पाहताच उत्तर आले की नवीनच बसवावे लागेल. मुलाने खर्चाची पर्वा नसल्याचे सांगितले. पण काकूंना त्या रात्री झोप लागली नाही. सुनेच्या घरातली वस्तू आपल्या हातून मोडली, ही बोच डॉलरने भरून निघणारी नव्हती.

आज आपल्या समाजातील अनेक घरांत एक तरी मूल परदेशी आहे. आई-वडील जातात, महिनोन्महिने राहतात आणि त्या घराचे स्वयंपाकघर बहुधा त्यांच्याच हाती येते. म्हणून हे यंत्र काय आहे, ते कशाने बिघडते, त्यातले आपल्या हाताने किती करता येते आणि नवे केव्हा घ्यावे, याची माहिती प्रत्येक घरात असणे उपयोगाचे आहे.

यंत्राची जन्मकथा

विस्कॉन्सिन राज्यातील रसीन या गावचे वास्तुविशारद जॉन हॅम्स यांनी १९२७ मध्ये हे यंत्र प्रथम तयार केले. १९३५ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले आणि पुढे त्यांनी ‘इन-सिंक-इरेटर’ ही कंपनी काढली. जनरल इलेक्ट्रिकनेही त्याच सुमारास आपले यंत्र बाजारात आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणीला ऊत आला आणि यंत्र घरोघर पसरले. इंडियाना राज्यातील जॅस्पर या लहान शहराने तर १९५० मध्ये शहरभर ही यंत्रे बसवण्याची सामूहिक योजनाच राबवली. आज अमेरिकेतील सुमारे निम्म्या घरांत डिस्पोजल आहे.

मात्र सर्वच शहरांनी त्याचे स्वागत केले नाही. न्यूयॉर्क शहरात पावसाचे पाणी आणि सांडपाणी अनेक भागांत एकाच गटारातून वाहते. जोराचा पाऊस झाला की ते गटार ओसंडून मैला नदी-खाडीत जातो. त्यात दळलेल्या अन्नाची भर नको, म्हणून त्या भागांत घरगुती डिस्पोजलवर बंदी होती. सुमारे दोन वर्षे प्रायोगिक अभ्यास करून १९९७ मध्ये ती उठवण्यात आली. यातून एक गोष्ट ध्यानात येते. सिंकमधून दिसेनासे झालेले अन्न नाहीसे झालेले नसते. ते केवळ दुसऱ्याच्या दारात गेलेले असते.

आत पाती नसतात

डिस्पोजलमध्ये मिक्सरसारखी धारदार पाती असतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. सिंकच्या भोकाखाली एक नळकांड्यासारखी कोठी असते. तिच्या तळाशी मोटरवर फिरणारी पोलादी तबकडी असते आणि तिच्यावर दोन बोथट, हलते ठोकळे बसवलेले असतात. कोठीच्या भिंतीला दातेरी कडे असते. ते स्थिर असते. तबकडी वेगाने फिरली की केंद्रोत्सारी बलाने खरकटे बाहेर फेकले जाते, ठोकळे ते कड्यावर रगडतात आणि किसणीवर खोबरे किसावे तसा त्याचा चुरा होतो. हा चुरा पाण्याबरोबर बाजूच्या नळीतून पी-ट्रॅपमध्ये आणि तेथून गटारात जातो. थोडक्यात, हे कापणारे यंत्र नसून जात्याच्या जातीचे यंत्र आहे. जात्यात खडा गेला तर काय होते, हे आपल्या घरांतील जुन्या पिढीला सांगावे लागणार नाही.

घरगुती यंत्रे साधारणपणे एक-तृतीयांश ते एक अश्वशक्तीची असतात. दोघा-तिघांच्या घराला अर्धी अश्वशक्ती पुरते. मोठ्या कुटुंबाला पाऊण बरी. बटण चालू असेपर्यंत टाकत राहावे, असा एक प्रकार असतो. दुसऱ्या प्रकारात आधी खरकटे भरून वर झाकण बसवले तरच यंत्र सुरू होते. ज्या घरात लहान मुले आहेत तेथे दुसरा प्रकार निश्चित अधिक सुरक्षित.

आधी निदान, मग खर्च

यंत्र बंद पडले की ते ‘गेले’ असे समजण्याची घाई करू नये. त्याच्या आवाजावरून आणि पाण्यावरून बहुतेक निदान होते. त्याआधी एक नियम मात्र कायमचा गाठीशी बांधावा : यंत्र चालू असो वा बंद, कोठीत हात घालायचा नाही. आत काही काढायचे असेल तर आधी सिंकखालचा प्लग काढावा. प्लग नसेल तर विजेच्या पेटीतील त्या जोडणीचा ब्रेकर पाडावा. भिंतीवरचे बटण बंद आहे एवढ्यावर विसंबू नये, कारण ते बटण दिव्याचे समजून दुसरे कोणीही दाबू शकते. यानंतरही आतली वस्तू लांब चिमट्यानेच काढावी.

पहिली अवस्था म्हणजे आवाजच नाही. अशा वेळी यंत्राच्या बुडाशी एक लहान लाल बटण असते, ते पाहावे. मोटरवर ताण पडला किंवा ती तापली की हे बटण आपोआप बाहेर येते आणि वीज तोडते. दहा-पंधरा मिनिटे थांबून, भिंतीवरचे बटण बंद असल्याची खात्री करून ते हलकेच आत दाबावे. तरीही शांतता असेल तर प्लग, त्याचा सॉकेट आणि ब्रेकर तपासावा. हे सर्व ठीक असून यंत्र मुके असेल तर मोटर किंवा भिंतीवरचे बटण बिघडले असावे. तेथे जाणकारच हवा.

दुसरी अवस्था म्हणजे ‘हुं’ असा आवाज येतो, पण तबकडी फिरत नाही. याचा अर्थ मोटर जिवंत आहे. आत काहीतरी अडकले आहे. बटण तत्काळ बंद करावे, कारण अडकलेल्या स्थितीत चालू राहिली तर मोटर जळू शकते. प्लग काढून किंवा ब्रेकर पाडून वीज तोडावी. मग अनेक यंत्रांच्या तळाच्या मध्यभागी असलेले षट्कोनी भोक शोधावे. त्यात पाव इंची ॲलन की घालून ती डावी-उजवीकडे फिरवावी. प्रथम जोर लागतो. अडकलेली वस्तू सुटली की पूर्ण फेरा सहज होतो. वरून बॅटरीचा उजेड टाकून ती वस्तू चिमट्याने काढावी. ज्या यंत्रांना तळाशी भोक नसते, त्यांची तबकडी वरून लाकडी दांड्याने ढकलून फिरवता येते. त्यानंतर लाल बटण दाबावे, वीज पूर्ववत करावी, थंड पाणी सोडावे आणि मगच यंत्र सुरू करावे.

काकूंच्या घरी दुसऱ्या दिवशी हेच झाले. चाळीस वर्षे भुसार दुकानात वजनकाटे आणि पिठाच्या गिरणीचे पट्टे दुरुस्त करवून घेतलेले काका सकाळी सिंकखाली आडवे झाले. प्लग काढला. यंत्राच्या अंगाला चिकटपट्टीने लावलेली छोटी वाकडी चावी त्यांना दिसली. ती यंत्राबरोबरच आली होती, पण घरातल्या कोणाला ठाऊक नव्हती. “अहो, उगाच काही करू नका, आणखी बिघडेल,” असे काकू म्हणत होत्या. चार-पाच हिसक्यांत तबकडी सुटली. चिमट्याने वाकलेला चमचा बाहेर आला. लाल बटण दाबल्यावर यंत्र पूर्वीसारखे घरघरू लागले. खर्च शून्य. ज्या यंत्राला फोनवरून निकालात काढले होते, त्याला केवळ एका चमच्याचे ओझे झाले होते.

तिसरी अवस्था म्हणजे यंत्र फिरते, पण पाणी उतरत नाही. येथे दोष यंत्राचा नसून पुढच्या नळीचा असतो. पी-ट्रॅपखाली बादली ठेवून त्याच्या चकत्या हाताने सैल कराव्यात आणि आतला गाळ काढावा. रबरी पंपाने दाब द्यायचा असेल तर सिंकच्या दुसऱ्या कप्प्याचे भोक बंद करावे आणि भांडी धुण्याच्या यंत्राची नळी चिमटीने आवळावी, अन्यथा घाण पाणी तिकडे शिरते. नळी मोकळी करणारी तीव्र रसायने मात्र टाळावीत. ती यंत्रातील रबर खराब करू शकतात आणि पुढे ट्रॅप उघडणाऱ्याच्या हातावर किंवा डोळ्यांत उडाली तर गंभीर इजा होते.

चौथी अवस्था गळतीची. पाणी कोठून येते यावर सर्व निर्णय अवलंबून असतो. सिंकला बूच लावून पाणी भरावे, त्यात थोडा खाण्याचा रंग टाकावा आणि खालून कोरड्या कागदाने एकेक जोड टिपून पाहावा. बूच काढण्यापूर्वीच वर, सिंकच्या कड्याशी ओल आली तर तेथील पुट्टी वाळली आहे किंवा स्क्रू सैल झाले आहेत. ते दुरुस्त होते. बूच काढल्यावर बाजूने गळत असेल तर बाहेर जाणाऱ्या नळीचे रबर किंवा भांडी धुण्याच्या यंत्राच्या नळीची क्लिप पाहावी; हेही किरकोळ काम. परंतु अगदी बुडातून, मोटरच्या भागातून पाणी ठिबकत असेल तर आतले सील झिजले आहे. विजेच्या मोटरशी पाणी पोहोचले, म्हणजे ते यंत्र वापरातून काढणेच शहाणपणाचे.

पाचवी तक्रार वासाची. ती बहुधा सिंकच्या भोकातील रबरी झालरीच्या खालच्या बाजूने येते. वरून ती स्वच्छ दिसते, पण खाली अन्नाचा थर साचतो, कुजतो आणि त्यावर चिलटे येतात. जीवोत्पत्ती टाळण्याची काळजी घेणाऱ्या घरात ही जागा विसरून चालणार नाही. वीज तोडून, झालर उलटी करून ती दर आठवड्याला साबणाच्या जुन्या ब्रशने घासावी. अनेक यंत्रांत ती काढून धुता येते आणि झिजल्यावर स्वतंत्रपणे बदलताही येते.

आपले स्वयंपाकघर आणि ते यंत्र

हे यंत्र अमेरिकन ताट डोळ्यांसमोर ठेवून घडले. जैन घरात कांदा-बटाटा नसला तरी त्याला न पचणारे पदार्थ आपल्याकडे पुष्कळ आहेत. मेथी-कोथिंबिरीचे देठ, शेवग्याच्या शेंगांच्या चोयट्या, कणसाची पाने, केळीची साल आणि नारळाची शेंडी यांचे तंतू ठोकळ्यांभोवती गुंडाळले जातात. आंब्याची कोय आणि चिंचोके दळले जात नाहीत, नुसते आपटत राहतात. भात नळीत गेल्यावर फुगतो. कणीक आणि बेसन खळीसारखे चिकटतात. चहाचा चोथा बारीक असल्याने सहज जातो असे वाटते, पण ट्रॅपमध्ये त्याचा घट्ट थर बसतो.

सर्वांत मोठा अपराधी मात्र तूप. गरम असताना ते पाण्यासारखे वाहते, म्हणून पुष्कळजण फोडणीचे पातेले गरम पाण्याने सिंकमध्ये विसळतात. थंड नळीत पोहोचताच ते गोठते आणि त्याच्यावर भात, बेसन, चहा यांचे थर चढत जातात. म्हणूनच यंत्र चालवताना पाणी थंड ठेवावे. थंड पाण्यात स्निग्धांश गोठून त्याचे तुकडे होतात व पाण्याबरोबर वाहून जातात. गरम पाण्यात तो वितळून पुढे नळीला लेप देतो. तुपातेलाची भांडी आधी कागदाने पुसून तो कागद कचऱ्यात टाकावा. पाणी आधी सोडावे, मग यंत्र सुरू करावे, मग थोडे-थोडे खरकटे टाकावे. आवाज मोकळा झाल्यावर यंत्र बंद करून पाणी आणखी काही सेकंद वाहू द्यावे.

येथे एक हिशेबही मांडून पाहण्यासारखा आहे. अर्ध्या अश्वशक्तीचे यंत्र रोज दोन मिनिटे चालवले तर वर्षाकाठी वीज पाच-सहा युनिटच लागते, ती नगण्य. पण अमेरिकेतील नियमानुसार नळातून मिनिटाला जास्तीत जास्त २.२ गॅलन, म्हणजे सुमारे ८.३ लीटर पाणी येते. रोजच्या दोन मिनिटांचे वर्षाला सहा हजार लीटर होतात. पाण्याच्या थेंबालाही अप्काय जीव मानून ते मोजून वापरणाऱ्या परंपरेत हा आकडा विजेच्या बिलापेक्षा अधिक बोलका आहे.

दुरुस्ती की बदली?

व्यापाऱ्याला घसारा हा शब्द दोन अर्थांनी कळतो : एक खतावणीतला, दुसरा यंत्राच्या अंगावरचा. डिस्पोजलचे आयुष्य साधारण दहा-बारा वर्षे धरले जाते. यंत्र पाच वर्षांच्या आतले असेल आणि अडकणे, रबर, क्लिप किंवा पुट्टी एवढाच दोष असेल तर दुरुस्तीच करावी. मुळात हमीचा काळ शिल्लक आहे का, हे आधी पाहावे. प्रकारानुसार ही हमी दोन वर्षांपासून दहा वर्षांपर्यंत किंवा त्याहून अधिक असू शकते, आणि यंत्राच्या अंगावरील पट्टीवर त्याचा क्रमांक छापलेला असतो.

बुडातून गळती, काही अडकलेले नसताना वारंवार दाबावे लागणारे लाल बटण किंवा दिवसेंदिवस वाढणारा वेळ आणि आवाज, ही बदलीची लक्षणे. मोटर किंवा आतले सील बदलण्याच्या फंदात सहसा पडू नये. साध्या घरगुती यंत्राची किंमत शंभर ते दोनशे डॉलरच्या आसपास असते आणि कारागिराची मजुरी त्याच्या जवळपास पोहोचते. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की जुन्याला निरोप द्यावा, हा दुकानातला नियम येथेही लागू पडतो. मात्र यंत्र न पाहता, तळाचे भोक आणि लाल बटण यांची चौकशी न करता जो ‘नवीनच घ्या’ म्हणतो, त्याच्या सल्ल्यावर दुसरे मत अवश्य घ्यावे.

मूल भाड्याच्या घरात राहत असेल तर प्रश्न वेगळा. तेथे यंत्र घरमालकाचे असते. अडकलेला चमचा काढण्यापलीकडे काही न करता मालकाच्या देखभाल विभागाला कळवावे. परस्पर यंत्र बदलल्यास पुढे अनामत रकमेवरून वाद होऊ शकतो.

नवे बसवताना

घर स्वतःचे असेल, जागेवर आधीची वीज आणि नळी असेल तर जुन्याच्या जागी नवे यंत्र बसवणे हे हातात थोडे कसब असलेल्या दोन माणसांचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. नवी वीजजोडणी टाकायची असेल तर मात्र परवानाधारक वायरमनच बोलवावा.

प्रथम ब्रेकर पाडून, टेस्टरने तारेत वीज नाही याची खात्री करावी. ट्रॅप आणि भांडी धुण्याच्या यंत्राची नळी सोडवावी. यंत्र सिंकखाली एका फिरत्या कड्याने टांगलेले असते. ते फिरवले की यंत्र सुटते. त्याचे वजन सहा-सात किलोपासून दहा किलोच्या वरही असते, म्हणून खाली उलटी बादली किंवा डबा आधाराला ठेवावा. नवे यंत्र त्याच कंपनीचे असेल तर अनेकदा जुनेच कडे चालते आणि निम्मे काम वाचते. कडे बदलायचे असेल तर जुनी पुट्टी पूर्ण खरवडावी. नव्या पुट्टीची कणकेच्या वळीसारखी जाड वात करून ती सिंकच्या भोकातील पोलादी कड्याखाली लावावी. कडे दाबून बसवावे आणि खालचे तिन्ही स्क्रू आळीपाळीने, सारखे आवळावेत. दगडी सिंक असेल तर तेलकट पुट्टीचे डाग पडतात. तेथे सिलिकॉन वापरावे.

तारा जोडताना भारतातून गेलेल्या माणसाने विशेष सावध राहावे. अमेरिकेत काळी तार जिवंत असते आणि पांढरी न्यूट्रल. आपल्याकडे मात्र घरगुती जोडणीत लाल तार फेजची आणि काळी न्यूट्रलची, हे हाताला बसलेले असते. हीच सवय तिकडे चालवली तर अपघात अटळ. यंत्राची काळी तार काळीला, पांढरी पांढरीला आणि अर्थिंगची हिरवी किंवा उघडी तार हिरव्या स्क्रूला जोडायची, एवढे पक्के ध्यानात ठेवावे. अर्थिंग कधीही सोडू नये.

भांडी धुण्याचे यंत्र जोडायचे असेल तर डिस्पोजलच्या बाजूच्या तोंडात प्लास्टिकचे एक बंद बूच असते. यंत्र टांगण्यापूर्वी ते हातोडीने आत पाडावे आणि पडलेला तुकडा कोठीतून काढून घ्यावा. हे बूच विसरणे ही नव्या बसवणीतील नेहमीची चूक आहे. मग भांड्यांचे यंत्र तुंबते आणि दोष विनाकारण त्या यंत्रावर येतो. तोंड वापरायचे नसेल तर बूच तसेच ठेवावे.

आणखी एक माप खरेदीपूर्वीच घ्यावे. नव्या यंत्राचे बाहेर जाणारे तोंड भिंतीतील गटाराच्या नळीपेक्षा वर राहिले पाहिजे. मोठ्या अश्वशक्तीचे यंत्र उंचीलाही मोठे असते. त्याचे तोंड भिंतीतील नळीच्या खाली गेले तर पाणी कोठीतच साचून राहते. शेवटी सिंक भरून एकदम पाणी सोडावे, प्रत्येक जोड टिपून पाहावा आणि सर्व कोरडे असल्याची खात्री झाल्यावरच वीज सुरू करावी.

इकडे आणावे काय?

तिकडची सोय पाहून परतताना एक यंत्र सामानात आणण्याचा मोह काहींना होतो. तो आवरावा. अमेरिकेतील यंत्र १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर चालते. आपली वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. येथील विजेवर चालणारी यंत्रे भारतातही मिळतात, पण ती घेण्यापूर्वी आपल्या इमारतीची नळी कोठे जाते, याचा विचार करावा. सेप्टिक टाकी असेल तर ती लवकर भरते आणि वारंवार उपसावी लागते. जुन्या सोसायटीत वरच्या मजल्यावरचे दळलेले अन्न खालच्याच्या मोरीत वर येण्याची भीती असते. शिवाय ओला कचरा वेगळा देण्याची पद्धत आता आपल्याकडे रुजते आहे, आणि भाजीचे देठ, फळांच्या साली यांचे गच्चीवरील कुंडीत चांगले खत होते. यंत्राला न पचणारी केळीची साल मातीला आनंदाने पचते.

काकूंच्या घरी त्या प्रसंगानंतर दोन गोष्टी झाल्या. मुलाने त्या दुसऱ्या बटणावर लाल कागदाची पट्टी लावली आणि वाकडी चावी स्वयंपाकघराच्या खणात सर्वांना दिसेल अशी ठेवली. काकूंनी सिंकशेजारी देठ-सालींसाठी झाकणाचा एक डबा ठेवला; त्यातले परसातल्या कोपऱ्यात खताला जाऊ लागले. ताटात उष्टे न टाकता ताट धुऊन पिण्याची त्यांची लहानपणापासूनची शिस्त त्या घरात पूर्वी कोणाच्या ध्यानात आली नव्हती. आता सून दोन्ही नातवंडांना जेवताना म्हणू लागली, “आजीसारखं ताट करायचं.” काकू परत येण्याच्या सुमारास डिस्पोजल दिवसातून एकदाच, तेही अर्धा मिनिट चालत असे.

वाकलेला चमचा काकांनी ठोकून सरळ केला. सुनेने तो टाकून न देता चहाच्या डब्यात ठेवला आहे, असे काकू हसून सांगतात.